लाल ठिपका

पडद्यावर करड्या रंगाचा एक चौकोन आला आणि तसाच राहिला.

सिद्दीक सरांनी माऊस दाबला. पुन्हा दाबला. न्हावऱ्याच्या शाळेतल्या त्या एकुलत्या चालू कॉम्प्युटरभोवती नववीचा वर्ग एकमेकांच्या खांद्यांवरून वाकून बघत होता. चौकोनाच्या वर इंग्रजी मथळा होता, खाली इंग्रजी मजकूर होता आणि मधे, जिथं ध्वनीची लहर धावायला हवी होती, तिथं काहीच नव्हतं.

"लाइट तर हाय की," मागून कुणीतरी पुटपुटलं.

संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मुलांना बाहेर पिटाळलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "राहू द्या सर. उभी हयात घातली तुम्ही हितं. माझी पोरं तुमच्याच हाताखालनं गेली. पण पोरांचं वर्ष वाया जाऊन कसं चालंल? लायब्ररी हाय, निवांत बसा. पगाराला धक्का न्हाई." खिशातून लायब्ररीची किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

माणूस वाईट नव्हता, म्हणूनच सरांना राग धरता येईना. उन्हाळ्यात पुण्याला सरांच्या घशाचं ऑपरेशन झालं, तेव्हा गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं होतं. गळ्याशी श्वासापुरतं छिद्र राहिलं; त्यावर त्यांची लेक फरहत रोज धुतलेला पांढरा रुमाल बांधून देई. एके काळी शाळेची घंटा तडकली होती, तेव्हा नवी येईपर्यंत गेणबा शिपाई सरांनाच पायरीवर उभं करून 'शाळा सुटली' असं ओरडायला लावायचा, आणि ते एसटी स्टँडवर ऐकू जायचं. आता त्यांच्या गळ्यात दोरीने बांधलेली लहान मुलांची पाटी असे.

सरांनी पाटीवर लिहिलं : सोमवारी. एक तास.

बापूसाहेबांनी वाचलं. "बरं. सोमवारी. पन मग माझं ऐकायचं. किल्ली हितंच राहू द्या."

वेबसाइट फरहतनं शोधली होती. रांजणगावच्या कारखान्यात ती हिशेबाचं काम करी. अब्बा दवाखान्यातून आल्यावर भिंतीकडे बघत बसत, तेव्हा एका रविवारी तिनं त्यांना जबरदस्तीनं शिरूरला, सत्यजीतच्या सायबर कॅफेत नेलं. कुठल्या तरी दूरदेशीच्या प्राध्यापकानं भौतिकशास्त्राचे प्रयोग पडद्यावर हलते करून जगाला फुकट वापरायला ठेवले होते. लंबक, भिंगं, चुंबक. सर कॅफे बंद होईपर्यंत उठले नव्हते. ध्वनीच्या ज्या लहरीसाठी ते आयुष्यभर फळ्यावर दाट-विरळ उभ्या रेघा ओढत आले, ती तिथं धावत होती. शाळेत इंटरनेट नव्हतं, म्हणून ते पान त्यांनी सीडीवर उतरवून आणलं होतं.

या रविवारी पुन्हा सत्यजीतकडे. तो सरांचाच जुना विद्यार्थी. "या सर. तुम्ही मला आठवीत बाकावर उभं केलतं, मी तुमाला चांगल्या खुर्चीवर बसवतो." त्यानं सरांची सीडी उघडून बघितली आणि डोक्याला हात लावला. "अवो, तुम्ही पान सेव्ह केलं. लग्नपत्रिका घरी नेली आन् नवरी मांडवात सोडली. चालणारा प्रोग्रॅम येगळा उतरवावा लागतो."

फरहत पानाच्या तळाशी गेली. तिथं स्वच्छ लिहिलं होतं : ज्या शाळांत इंटरनेट नाही, त्यांनी सगळे प्रयोग इथून एकत्र न्यावेत.

"अब्बा," ती म्हणाली, "प्रश्न शेवटपर्यंत वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका, असं कोण सांगायचं हो आम्हाला?"

सरांनी पाटीवर लिहिलं : गप्प बस. मग तेच पुसून स्वतःकडे बोट केलं. सत्यजीत पोट धरून हसला.

फाइल उतरायला लागली. अर्ध्यात लाइन तुटली. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा तुटली तेव्हा सत्यजीतनं बाकीच्या गिऱ्हाइकांना उठवलं : "मालक, उद्या या. आज शाळा भरलीये." संध्याकाळी कधीतरी सीडी तयार झाली. प्रोग्रॅम चालायला जे आणखी एक सॉफ्टवेअर लागतं, तेही त्यानं तिच्यावर घातलं. "आता बिनघोर जावा."

सर जागचे हलले नाहीत. त्यांनी सीडी त्याच कॉम्प्युटरवर लावायला सांगितली, वाकले आणि मागची इंटरनेटची वायर उपसून काढली.

"अवो सर!"

पडद्यावर एक नळी, नळीत हवेच्या कणांच्या ठिपक्यांची गर्दी, गर्दीत एक लाल ठिपका. वायर सरांच्या मुठीत होती आणि ठिपका हलत होता.

सोमवारी बापूसाहेबांना बाजार समितीच्या बैठकीमुळे यायला उशीर झाला. सरांनी वाट पाहिली नाही. लहर सुरू केली आणि फळ्यावर लिहिलं : लाल ठिपका कुठे चाललाय?

"म्होरं," अर्धा वर्ग म्हणाला.

"म्होरं कुठं? माघारी येतोय बघ."

"म्होरंच जातोय, आंधळा हाईस का?"

आजवर सरांच्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू यायची. आता ते हाताची घडी घालून उभे राहिले आणि भांडण पेटू दिलं. शेवटी पहिल्या बाकावरची सायली उठली आणि तिनं लाल ठिपक्यावर बोट टेकवलं. सगळे बोटाकडे बघू लागले. ठिपका बोटाच्या अलीकडे आला, पलीकडे गेला, परत आला. गर्दीचा दाट पट्टा मात्र नळीच्या टोकापर्यंत पोचला.

"सर, ठिपका जात न्हाई," ती हळूच म्हणाली. "धक्का जातोय."

"शिरूरच्या एसटीच्या दारात अस्संच," बिलाल ओरडला. "मागचा ढकलतो, त्यो म्होरच्याला ढकलतो, आन् चढत कुणीच न्हाई!"

वर्ग हसून लोटपोट. सरांनी खडू उचलला, दाट जागेला 'संपीडन' आणि विरळ जागेला 'विरलन' लिहिलं. ते शब्द आजवर मुलं घोकत आली होती. आज ती पडद्यावर बोटं ठेवून कुठला कुठं ते एकमेकांना दाखवत होती.

वर्ग हाताबाहेर गेला असं वाटून बापूसाहेब झपाझप आले, ते दारातच थांबले. शेवटच्या बाकावरचा झुंबरबाईंचा पोरगा, ज्यानं वर्षभरात वर्गात तोंड उघडलं नव्हतं, तो त्यांनाच समजावू लागला की बापूसाहेब, हवा कानापर्यंत येत न्हाई, तिचा धक्का येतो. बापूसाहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"वर्ग लई बोलाया लागला की सर."

सरांनी पाटीवर लिहिलं : मी गप्प झालो म्हणून.

बापूसाहेबांनी ते दोनदा वाचलं. टेबलावरची किल्ली उचलून खिशात घातली. "दहावीला बी हेच दाखवा," एवढं म्हणून ते निघून गेले.

सर हजेरी तासाच्या शेवटी घेत; सुरुवातीला घेतली की पोरं मधूनच पळतात, असं त्यांचं म्हणणं. ऑपरेशननंतर ती गेणबा घेत असे. आज सायलीनं न विचारताच हजेरीपट उचलला आणि नावं पुकारली. शेवटचं नाव झालं तरी तिनं तो मिटला नाही.

"सिद्दीक सर?"

 सरांनी खडू खाली ठेवला, हजेरीला कसं उभं राहायचं हे मुलांना शिकवत, तसे ताठ उभे राहिले आणि ओठांनी 'हजर' म्हणाले. आवाज आला नाही. गळ्यावरचा पांढरा रुमाल तेवढा जागच्या जागी हलला.