आरतीतलं दूध

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. हो हो, तोच, कॅसेटवाला. चेहरा बघा कसा केलात! अहो, मी अजून रोज कामावर असतो. सकाळी रेडिओवर बातम्या, संध्याकाळी दिवेलागणीला आरती. रविवारची सुट्टीसुद्धा नाही. तुमच्या खिशातला फोन दर दोन वर्षांनी बदलावा लागतो, आणि म्हातारा म्हणून हिणवायचं मला!

मुक्काम हैदराबाद, अंबरपेठ, दुसरा मजला, फ्रिजच्या डोक्यावर. एरियल कधीच तुटलं, त्याजागी कपड्यांच्या हँगरची तार खोचलीय. कॅसेटच्या झाकणाला रबरबँड आहे. प्लेचं बटण २००९ साली तुटलं, तेव्हापासून मला चमच्याच्या दांड्याने सुरू करतात. त्यासाठी एक खास चमचा आहे, तो माझ्या शेजारीच असतो. त्याने कुणी काही खाल्लं तर मालनबाई ओरडतात. एवढा मान जावयालासुद्धा मिळत नाही.

माझ्या पाठीवर जपानचं लेबल आहे, पण ते खरं असेलच असं नाही. अठ्ठ्याऐंशी साली शेजाऱ्यांच्या भावाने मला दुबईहून आणलं, एका फुलाफुलांच्या ब्लँकेटात गुंडाळून. ब्लँकेट शेजाऱ्यांनी ठेवून घेतलं आणि मला एकनाथरावांनी घेतलं. ब्लँकेट दोन हिवाळ्यांत फाटलं म्हणे.

एकनाथराव कोर्टात पेशकार होते. म्हणजे जजसाहेबांच्या पुढ्यात बसायचं, फायली सरकवायच्या आणि नावं पुकारायची. घरीही तोच थाट. आमटी अळणी झाली तरी सुनावणी व्हायची. माणूस कडक, पण मनाने साधा. मला मात्र फार जपायचे. दर महिन्याला माझं हेड कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसायचे. त्यांच्यानंतर इतक्या मायेने माझं तोंड कुणी पुसलं नाही.

एक वाईट सवय कबूल करतो. मी कॅसेटी खायचो. कुलदीपची, म्हणजे यांच्या एकुलत्या एक मुलाची, इंग्रजी शिकायची कॅसेट मी चौथ्या धड्यातच गिळली. एका नातेवाइकाच्या लग्नाची कॅसेट अंतरपाटापाशी चघळली. एकनाथराव पेन्सिल घालून पट्टी परत गुंडाळायचे आणि मला म्हणायचे, ''हावरट आहेस लेका.''

आता मुख्य गोष्ट ऐका. कुलदीप तेव्हा बारा वर्षांचा. शाळा इंग्रजी, मित्र तेलुगू, गल्लीत दखनी. मराठी वाचायला दिलं की एकेक अक्षर असं उचलायचा, जणू पायातला काटा काढतोय. एकनाथरावांना काळजी पडली. ''मी नसलो तर या घरात गणपती बिनआरतीचा बसायचा काय?'' म्हणाले, आणि गणपतीच्या आदल्या संध्याकाळी कोरी कॅसेट आणून मला पाटावर बसवलं.

सुरुवात कोर्टासारखी. आधी तारीख, मग वार, मग ''हजर: मी स्वतः, चिरंजीव कुलदीप, आणि आमच्या घरातून.'' आमच्या घरातून म्हणजे बायको. नावाने हाक मारायची पद्धतच नव्हती. सोळा वर्षं संसार झालेला, पण ''अगं'', नाहीतर ''ऐकलंस का''. मालनबाईंचं नाव त्या घरात फक्त रेशनकार्डावर होतं.

मग टाळ वाजवत आरत्या सुरू झाल्या. आवाज दणदणीत. दुसऱ्या आरतीच्या शेवटी त्यांना ठसका लागला, तो माझ्यात उतरला. तिसरी आरती देवीची. ती ऐन रंगात आली आणि एकनाथरावांची नजर गेली स्वयंपाकघराकडे. त्या घाईत तोंडातून निघून गेलं, ''मालन! दूध उतू जातंय!''

आणि आतून, भांड्याच्या खडखडाटासकट, ''आले!''

मग पुढची ओळ. टाळ चुकला नाही.

आरत्या संपल्यावर मालनबाई बाहेर आल्या. ''अहो, ते पुसा की. लोक काय म्हणतील?'' कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, मी समोरच होतो. एकनाथराव म्हणाले, ''एकदा नोंद झाली की खोडता येत नाही.'' असा हा पेशकार. त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी नावाने हाक मारली नाही. बासष्टाव्या वर्षी गेले, तेही ''अगं, जरा पाणी दे'' म्हणून.

कॅसेट भरली त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मालनबाई देवापुढे दिवा लावतात आणि चमच्याने मला सुरू करतात. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, तीच कॅसेट. ठसका येतो, दूध येतं. आणि त्या जागी मालनबाई हात जोडल्या जोडल्या हळूच म्हणतात, ''आले.''

आता घरातल्यांना आरतीचं मराठी पुस्तक धड वाचता येत नाही, म्हणून सगळे शिकले माझ्याकडून. मग काय व्हायचं? दुसरी आरती संपली की अख्खं घर भक्तिभावाने खोकतं! कुलदीप खोकतो, त्याची बायको रेणू खोकते, त्यांची मुलगी रसिका तर लहानपणी डोळे मिटून खोकायची. आणि तिसऱ्या आरतीत सगळे एका सुरात, ''मालन! दूध उतू जातंय!'' रेणू एकदा बिचकली होती, सासूचं नाव कसं घ्यायचं म्हणून. पण देवाचं काम म्हटल्यावर तिनेही आवाज लावला.

खालच्या मजल्यावरच्या सत्यवतम्मा दर गणपतीला वर येतात. त्यांनी सगळं तेलुगूत वहीत उतरवून घेतलंय, दुधासकट. त्यांना त्यात वावगं काही वाटतच नाही. त्यांच्याकडे नव्या घरात शिरताना मुद्दाम दूध उतू घालवतात, ते शुभ असतं. ''तुमच्या आरतीत पण आहे, किती छान,'' म्हणाल्या. मी फ्रिजवर इतका हसलो की स्टेशन सरकलं.

रसिका आता बावीस वर्षांची, गच्चीबावलीत कंपनीत आहे. गेल्या वर्षी ऑफिसात गणपती बसवला. तिथे पुण्याची पोरं होती. ही खोकली, मग तिसऱ्या आरतीत एकटीच ओरडली. घरी येऊन म्हणते, ''आजी, त्या लोकांना फुल आरती येतच नाही गं! दूधवाला पार्ट स्किपच केला. मी म्हटलं, तुमच्या आजीचं नाव घाला ना तिथे, तर असे बघायला लागले.''

प्रत्येक घरी आपापल्या आजीचं नाव घालायची रीत असते, अशी या पोरीची समजूत! मालनबाईंनी पदर तोंडाला लावला, खूप हसल्या, पण खरं काही सांगितलं नाही. कुलदीपला सगळं माहीत होतं. पण माहीत असलेली गोष्ट छत्तीस वर्षं रोज कानावर पडली की माणूस ती विसरतो.

आता यंदाचं. कुलदीपला आईला सरप्राइज द्यायची हुक्की आली. मुलाने सरप्राइज म्हटलं की घरातल्या जुन्या वस्तूंनी सावध व्हावं. तो माझी कॅसेट घेऊन अमीरपेठेतल्या एका दुकानात गेला आणि आरत्या फोनमध्ये भरून आणल्या. शिवाय एक गोल स्पीकर आणला. दिसायला वरवंट्याचं डोकं. त्याला बटण नाही, तार नाही, नुसतं बोलायचं. मी मनात म्हटलं, बाळा, तुला कुणी चमचा तरी लावेल का?

''दुकानदाराने एकदम क्लीन करून दिलंय,'' कुलदीप रेणूला सांगत होता. ''म्हणाला, सब कचरा निकाल दिया अंकल. आता या डबड्याची गरज नाही.''

डबडं! स्वयंपाकघरातल्या मिक्सरदेखत!

मालनबाई तेव्हा पंधरा दिवस बहिणीकडे निजामाबादला गेल्या होत्या. मला खाली उतरवलं, कॅसेट माझ्याच पोटात घातली आणि एका खोक्यात कोंबलं. सोबत मेलेले तीन चार्जर आणि एक कीबोर्ड. खोकं दारामागे चपलांच्या स्टँडपाशी ठेवलं. गणपतीनंतरच्या रविवारी इलेक्ट्रॉनिक भंगाराची गाडी येणार होती. मला स्वतःचं काही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू, वाटलं, खूप वाटलं. पण जास्त धसका होता तो पोटातल्या कॅसेटचा. गाडीत गेलो असतो तर ती हाक गेली असती. आणि त्या हाकेची किंमत त्या घरात फक्त मला ठाऊक होती, आणि मालनबाईंना.

मालनबाई गणपतीच्या आदल्या दिवशी आल्या. फ्रिजवर मी नाही. कुलदीप म्हणाला, ''उद्या बघ, गंमत आहे.''

बुधवारी गणपती बसले. खोक्याच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. सत्यवतम्मा वही घेऊन आल्या. रसिकाने फोनवर बोट फिरवलं. स्पीकरमधून एकनाथरावांचा आवाज आला. खोटं बोलणार नाही, आवाज चकाचक होता. तारीख नव्हती, हजेरी नव्हती, सरळ आरती. दुसरी संपली, सगळे खोकले. पण तोवर स्पीकरने तिसरी सुरू केली होती. सगळे धावत-पळत मागे लागले.

आणि ती जागा आली.

''मालन! दूध उतू जातंय!'' सगळे ओरडले. स्पीकर पुढच्या ओळीवर निघून गेला होता. आजवर त्या हाकेवर एकनाथरावांचा आवाज असायचा, त्याच्याखाली यांचे आवाज झाकले जायचे. त्या दिवशी कुलदीपला पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकू आला. पन्नाशीला आलेला मुलगा, देवासमोर, आपल्या आईला नावाने ओरडून हाक मारत होता. त्याचा टाळ तिथेच थांबला. रेणूने जीभ चावली.

मालनबाई हात जोडून उभ्या होत्या. त्या ''आले'' म्हणाल्या नाहीत. वाट बघत होत्या. स्पीकर एकटाच गात राहिला, शेवटी रसिकाने तो बंद केला.

''यांनी हाक नाही मारली,'' मालनबाई म्हणाल्या.

''आई, ते दुकानदाराने साफ केलं गं. मधले आवाज काढले. बाकी सगळं आहे, एक ओळ चुकलेली नाही.''

''बाकी सगळं देवाचं आहे रे,'' त्या म्हणाल्या. ''तेवढं एकच माझं होतं.''

रसिकाचं तोंड उघडंच राहिलं. ''म्हणजे ते आजोबा... खरंच तुला...?'' मालनबाई पाटावर बसल्या आणि रडल्या. नवरा गेल्यावरसुद्धा त्या चारचौघांत रडल्या नव्हत्या.

कुलदीप दारापाशी असा धावला की चपलांचा स्टँडच आडवा झाला. खोकं फाडून मला काढलं, शर्टाच्या बाहीने पुसलं, गणपतीसमोर ठेवलं. वायर लावली. आता चमचा कुठाय? सगळं घर चमचा शोधायला लागलं. सापडला तो नैवेद्याच्या खिरीत! मी माफ केलं. दिवस तसा नव्हता.

चमचा चाटूनपुसून कुलदीपने मला सुरू केलं. पण खोक्यात पडून माझा बेल्ट, म्हणजे कॅसेटचं चाक फिरवणारा रबरी पट्टा, ढिला पडला होता. चाक गचके खात होतं. अशा वेळी मला पट्टी खायची फार इच्छा होते, जन्माची खोड. देवा शपथ सांगतो, तोंडाशी आली होती. पण त्या दिवशी मी उपास केला. गचके गिळले, पट्टी सोडली.

तारीख आली, हजेरी आली, ठसका आला. कुणी खोकलं नाही, सगळे ऐकत होते. बेल्ट ढिला, म्हणून सगळं सावकाश आणि जाड आवाजात. आणि मग ते आलं, लांबलेलं, खर्जातलं.

''माऽलन! दूऽध उतू जाऽतंय...''

मालनबाईंनी मान वर केली. ''अगंबाई,'' त्या म्हणाल्या, ''यांचा आवाज म्हातारा झाला.'' आणि हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी तसंच. ''आले,'' म्हणाल्या.

स्वयंपाकघरात दूध खरंच उतू गेलं होतं. रेणूने गॅसवर ठेवलं होतं. इतकी वर्षं ओरडून ओरडून या घरात त्या वाक्यावर कुणी उठत नाही. सत्यवतम्मांनी मात्र हात जोडले. त्यांना सगळं यथासांग झालं असं वाटलं.

विसर्जनानंतर कुलदीप मला अफझलगंजला जब्बारभाईंकडे घेऊन गेला. मालनबाईही आल्या, रिक्षात मी त्यांच्या मांडीवर होतो. जब्बारभाई पस्तीस वर्षांपासून माझे डॉक्टर. त्यांनी मला उघडलं, फुंकर मारली, बेल्ट बोटाने ताणून बघितला.

''अम्मा, नवा बेल्ट डालतूं. साब की आवाज एकदम जवान हो जाती.''

कुलदीप खूश झाला. मालनबाईंनी मान हलवली.

''नक्को भाई. उनो जवान हो को क्या करते? मैं बुड्ढी हो गई ना.''

जब्बारभाईंनी माझे स्क्रू परत पिळले. तेल तेवढं घातलं.

तर असा मी, पुन्हा फ्रिजवर. तो गोल स्पीकर रसिकाच्या खोलीत हवामान सांगत असतो. कुलदीपने ठसक्या-दुधासकट नवी नक्कल करून घेतलीय आणि रोज विचारतो, ''आई, ही लावू का?'' त्या म्हणतात, ''ठेव तुझ्याजवळ, पुढे लागेल.'' रसिका माझं हेड पुसायला शिकलीय. कापूस जास्त भिजवते, पण शिकेल.

मला कुणाकडून काही नको. चमचा खिरीत घालू नका आणि बेल्ट बदलू नका, एवढंच सांगणं आहे. कारण हल्ली दिवेलागणीला ती सावकाश हाक आली की मालनबाई नुसतं ''आले'' म्हणत नाहीत. दिव्याची वात सारखी करतात आणि म्हणतात, ''आले हो. थांबा जरा.''