नाकाने घेतलेला श्वास

भावजी सिंथेसायझर वाजवायचे आणि वहिनी गायच्या. या दीर-भावजयीच्या गाण्यांवर एके काळी पोरं रात्र रात्र नाचली. मग त्या पोरांची पोटं सुटली आणि गाणी मागे पडली. आता बऱ्याच वर्षांनी दोघांचा नवा अल्बम येत होता. हा बहुधा शेवटचा, म्हणून वहिनींनी एकच हट्ट धरला होता: आवाज आज जसा आहे तसाच राहू दे, चिरकला तर चिरकला.

स्टुडिओ म्हणजे भावजींचं गॅरेज. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. तयार गाणं पहिल्यांदा ऐकताना दिवा बंद करायचा आणि कुणी बोलायचं नाही, ही दोघांची पहिल्यापासूनची पद्धत. आज मात्र भावजी सारखे बोलत होते.

"आधी चहा घेऊ या का? आणि हेडफोन कशाला, वहिनी? स्पीकरवर ऐका की."

"जन्मभर हेडफोनवर ऐकलं. आज काय कानाला मुंग्या चावणार आहेत?"

गाणं सुरू झालं. वरच्या सुराची ओळ आली आणि आवाज अलगद चढला. वहिनींचा चेहरा खुलला. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ती ओळ परत लावा."

ओळीआधी एक बारीक श्वास होता, नाकाने घेतलेला. वहिनी तोंडाने श्वास घ्यायच्या. नवरा होता तेव्हा चिडवायचा, मासा पाण्याबाहेर आला म्हणून. ती खोड त्यांची कधी सुटली नाही. लेकीला मात्र त्यांनी लहानपणीच समोर बसवून, तोंड मिटायला लावून नाकाने श्वास घ्यायला शिकवलं होतं.

लेक चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली होती. तिशी उलटली तरी घरात ती छकुलीच.

"इथे छकुली गातेय," वहिनी म्हणाल्या.

"फक्त वरच्या ओळी," भावजी म्हणाले. "तुमचा सूर तिथे पोचत नव्हता. आवाज इतका सारखा आहे की लोकांना कळणारही नाही."

"मला सांगायचंत. पट्टी उतरवून गायले असते."

"पट्टी उतरवली की गाणं खाली बसतं, वहिनी."

"मीही खालीच बसलेय. मला कुठे उठवलंत?"

"आई, तुला वाईट वाटेल म्हणून काका म्हणाले की..."

"तू रोज सकाळी मला गरम पाणी आणून देत होतीस. आवाज छान लागतोय म्हणत होतीस."

छकुलीने ट्रे खाली ठेवला.

"उद्या येऊन मी त्या ओळी परत गाते," वहिनी भावजींना म्हणाल्या.

"अल्बम कंपनीकडे गेला," भावजी पुटपुटले. "परवाच."

"मग निदान तिचं नाव घाला."

"तिसरं नाव घातलं तर आपली जोडी कुठे राहिली?"

"तेच विचारतेय मी."

वहिनींनी उठून दिवा बंद केला आणि अंधारात ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. कुणी बोललं नाही. मग त्यांनी दिवा लावला.

"दुसऱ्या कडव्यात श्वास उशिरा घेतलास," त्या लेकीला म्हणाल्या. "ओळ तुटते तिथे."

स्टँडवरचा आपला जुना माइक त्यांनी सोडवला, रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला. छकुली पिशवी धरायला पुढे झाली.

"असू दे," वहिनी म्हणाल्या. "एवढं अजून मला झेपतं."