आर्विडच्या खिशातला माउथपीस

मित्रांनो, मी एक जुना पितळी बिगुल आहे. माझ्या अंगावर जो पोचा दिसतो तो लढाईतला असावा, असं सगळ्यांना वाटतं. तो पॅनकेकच्या तव्याचा आहे.

कारखान्यात ठोकून, वाकवून, घासून मला घडवलं आणि पेटीत घालून कोरियाच्या युद्धावर धाडलं. तिथे मी आर्विड टोलेफसनच्या हाती पडलो. तो नॉर्थ डकोटाच्या शेतावरचा मुलगा, पलटणीचा स्वयंपाकी. न्याहारी तयार झाली की तो मला फुंकायचा आणि पोरं ताटल्या घेऊन धावत यायची. त्यातली सगळी घरी परतली नाहीत. त्यांच्याबद्दल आर्विड कधी बोलला नाही. पॅनकेकबद्दल मात्र मरेपर्यंत बोलत राहिला.

गावी आल्यावरही त्याने मला स्वस्थ बसू दिलं नाही. गाई गोठ्यात आणायला मी, नातवंडांना अंथरुणातून उठवायला मी. एकदा नरसाळं सापडेना, तर ट्रॅक्टरमध्ये तेल ओतायलाही मीच. त्याची बायको वर्ना म्हणाली, "आता हा वाजणार की सुरू होणार?"

पण गावातला एखादा जुना सैनिक वारला की आर्विडची थट्टा बंद व्हायची. तो मला घासूनपुसून लखलखीत करायचा आणि कबरीपाशी उभा राहून निरोपाची धून वाजवायचा. आमच्याकडच्या थंडीत गार पितळ ओठाला चिकटतं. म्हणून माझा माउथपीस, म्हणजे ज्याला ओठ लावून फुंकतात तो छोटा तुकडा, त्याच्या खिशात कायम ऊबेला असायचा.

हल्ली सैन्यातून येणारे जवान पोटात स्पीकर बसवलेला बिगुल आणतात. बटण दाबायचं आणि गाल फुगवून फुंकल्याचं सोंग करायचं. आर्विडला ते अजिबात खपत नसे. "निदान मेलेल्याशी तरी खोटं बोलू नका," तो म्हणायचा. त्याची नात कर्स्टन फार्गोला नर्स आहे. तिला त्याने मला वाजवायला शिकवलं आणि बजावलं, "माझ्या वेळी तू वाजव. चुकलीस तर मी तक्रार करणार नाही, शब्द देतो."

जानेवारीत तो गेला. त्याला घालायचा सूट मुलीने, जनेलने, स्वयंपाकघरात इस्त्री केला. मी फळीवर होतो. त्याच्या रोजच्या पँटचा खिसा चाचपून तिने माझा माउथपीस काढला आणि डोळे पुसत सुटाच्या खिशात टाकला. "सदा जवळ बाळगायचे बाबा. असू दे त्यांच्याबरोबर."

मला ओरडावंसं वाटलं. पण ज्याच्याशिवाय माझा आवाज निघत नाही, तोच तिने त्याच्याबरोबर पुरायला दिला होता. दफनापर्यंत मला क्षणभर चैन पडली नाही. बर्फाने रस्ते अडले होते, त्यामुळे कर्स्टन थेट चर्चमध्येच पोचली आणि माझी पेटी न उघडताच मला घेऊन कब्रस्तानात आली. माझा जीव टांगणीला लागला होता.

तिथे तिने पेटी उघडली. आधी तिने माझ्याखाली हात घालून पाहिलं, मग आईकडे.

"आई, माउथपीस कुठाय?"

जनेलचा चेहरा उतरला. "बाबांच्या खिशात."

"कुठल्या?"

"आत्ता अंगात आहे त्या सुटाच्या."

सैन्यातून आलेला तरुण जवान हळूच पुढे आला. "बाई, माझ्याकडचा आहे ना. बटण दाबलं की झालं."

कर्स्टनने शवपेटीकडे पाहिलं. ती 'हो' म्हणेल या धास्तीने मी गारठलो.

"झाकण उघडा," वर्ना म्हणाली.

दफनाची व्यवस्था बघणारे लिंडाल अवघडले. "वर्ना, स्क्रू लावून झालेत."

"मग काढा. लग्न झाल्यापासून याचे खिसे मी तपासतेय. आज एकदाच राहिलं, तर बघा काय झालं."

कोणीतरी खुदकन हसलं आणि मग कोणालाच हसू आवरेना. झाकण उघडल्यावर वर्नाने स्वतः खिशात हात घातला. माउथपीस हाती लागताच ती थबकली. आर्विडच्या खिशात तो पहिल्यांदाच गार पडला होता. तिने हातमोजा काढला आणि तो मुठीत धरून ठेवला. बोचऱ्या वाऱ्यात सगळे उभे होते, पण कोणी घाई केली नाही.

मग कर्स्टनने मला वाजवलं. वरचा सूर फाटला. तिचे डोळे भरले, तरी ती थांबली नाही. शेवटपर्यंत वाजवलं तिने, आणि मी इतका खरा कधीच वाजलो नव्हतो.

"आता परत ठेवू का खिशात?" जनेलने विचारलं.

"नको," वर्ना म्हणाली, "पुढच्याला लागेल."

गावातले उरलेसुरले म्हातारे सैनिक टोप्या हातात घेऊन उभे होते. सगळ्यांनी त्यांच्यातल्या थोरल्या एमेटकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" तो म्हणाला. "मला अजून जेवायचंय."

मित्रांनो, आता मी कर्स्टनच्या घरी असतो. ती मला घासून ठेवते, पण नुसतं चकाकून माझं मन रमत नाही. तुमच्याही घरी एखादं वाद्य भिंतीला टांगलेलं असेल, तर ते काढा आणि वाजवा. सूर फाटला तरी चालेल. आणि आजोबा असतील, तर त्यांच्या खिशात काय आहे ते आजच विचारा. खिसा ऊबदार आहे तोवर.