कुजबुजीचा कोपरा

महशीदने मास्क डोळ्यांखालपर्यंत ओढला आणि हवेलीच्या चौकात ती टूरमधल्या सगळ्यांच्या मागे उभी राहिली. पुढे दुसरीच्या मुली होत्या. सगळ्यांच्या डोक्याला तोच निळा रुमाल, अंगात तोच झगा. चौदा महिन्यांत मूल किती उंच होतं, हे तिने पहाटे इस्फहानहून येताना बसमध्ये हाताने मापून पाहिलं होतं. तरी दोनदा तिची नजर चुकीच्या मुलीवर थांबली. तिसऱ्यांदा चुकली नाही. तिची तरलान हौदाच्या काठावरून तोल सांभाळत चालली होती.

सातवं वर्ष सरलं आणि कायद्याने पोर बापाकडे गेली. तो तिला घेऊन इथे काशानला, आपल्या आईकडे राहायला आला. दर गुरुवारी भेटीचा कोर्टाचा हुकूम होता. गुरुवारी दार उघडत नसे. शाळेच्या फाटकावरून तिच्या वर्गाच्या बाईंनी, राझावी खानमनी, महशीदला दोनदा परतवून लावलं होतं, आणि पुन्हा दिसलात तर पोलिसांना बोलावीन म्हणून बजावलं होतं. आजच्या सहलीची खबर आजीच्या शेजारणीने दिली. तिनेच हेही सांगितलं, की आजी पोरीला म्हणते, तुझ्या आईने दुसरं घर केलं, तुला सोडलं, ती आता यायची नाही.

महशीदला पोरीच्या कानात एकच वाक्य घालायचं होतं. मी तुला सोडलेलं नाही.

गाइड अर्बाबी आगांनी सगळ्यांना घुमटाखालच्या खोलीत नेलं. एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून कुजबुजलं की ते फक्त समोरच्या कोपऱ्यात ऐकू येतं, ते सांगत होते. सासूने इकडे केलेली चुगली सुनेला तिकडे पोचायची, म्हणून या घरात सुना टिकल्या नाहीत. राझावी खानम सोडून सगळे हसले. मुलींना एकेक करून कोपऱ्यात उभं करायचं ठरलं. समोरच्या कोपऱ्यासाठी कुणीतरी मोठं माणूस हवं होतं.

"खानम, तुम्ही. मास्कवाल्या. या, लाजू नका. भिंत काही चावत नाही."

महशीद भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. एकेक मुलगी येत गेली. प्रत्येकीला तिने नाव विचारलं, डब्यात काय आणलंस विचारलं. मधेच मान किंचित वळवून तिने रांग पाहिली. तरलान चौथी होती. पुन्हा पाहिलं तेव्हा सहावी. कधी बुटाची नाडी बांधत होती, कधी मागच्या मुलीला पुढे ढकलत होती. ओळखलं असेल, आणि यायचं नसेल.

"पुरे आता," राझावी खानम म्हणाल्या. "गाडी उभी आहे."

"एकच राहिलीय," अर्बाबी आगा म्हणाले.

महशीदने कपाळ गिलाव्याला टेकवलं. मास्क आतून ओला झाला होता. दोनशे वेळा घोकलेलं वाक्य ओठांपर्यंत येईना. मग भिंतच बोलली, शेजारच्या उशीवरून कुणी बोलावं तशी.

"मामान, मागे वळू नकोस. खानम बघतायत."

"तरलान, मी..." तिचा आवाज फाटला. "मी तुला..."

राझावी खानमनी टाळ्या वाजवल्या. चला, रांगेत, दप्तरं उचला. अर्बाबी आगांनी तरलानला हाताने थांबवलं.

"काय ऐकू आलं, सांग बरं सगळ्यांना."

तरलान बुटांकडे बघत राहिली.

"काहीच नाही."

"काहीच नाही? असं होणार नाही, बाळ."

"सगळ्यांना आलं. मलाच नाही आलं." तिचे ओठ थरथरले.

अर्बाबी आगांचा चेहरा उतरला. ते राझावी खानमना म्हणाले, "दोन मिनिटं द्या. माझ्या भिंतीच्या अब्रूचा प्रश्न आहे."

राझावी खानमनी घड्याळाकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि बाकीच्या मुलींना घेऊन त्या चौकात गेल्या.

तरलान डोळे न पुसताच कोपऱ्यात परतली. तिने डोक्यावरचा रुमाल मागे सारून कान मोकळा केला आणि भिंतीला लावला.