आत्याबाई ऑफलाइन

“गेलं!” आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडल्या. “इथं गेलं बघ. मागे आले की येतं, पुढे गेले की जातं.”

“मग तिथंच उभ्या राहा,” असं तिने आतल्या खोलीतून ओरडून सांगितलं आणि लगेच कपाळावर हात मारून घेतला. आत्याबाईंना ऐकू येत नव्हतं. लग्न होऊन या घरात आल्याला तीन वर्षं झाली, तरी घाईत ती अजून हे विसरायची. कॉम्प्युटरसमोरून उठून ती बाहेर आली, त्यांच्या पुढ्यात उभी राहिली आणि तोंड नीट उघडून म्हणाली, “तिथंच उभ्या राहा.”

“उभीच आहे. पळून कुठं चाललेय?”

आत्याबाईंच्या एका हातात ऑर्गनायझर होता, पत्त्यांच्या जोडापेक्षा थोडा मोठा, खिशात मावणारा कॉम्प्युटरच. तो तिच्या नवऱ्याला कंपनीने दिलेला. कंपनीने नवा दिल्यापासून खणात पडून होता. दुसऱ्या हाताने आत्याबाईंनी गाऊनच्या खिशातून कापड आखायचा निळा खडू काढला, गुडघ्यावर हात टेकत खाली वाकल्या आणि उंबऱ्याच्या अलीकडे फरशीवर एक सरळ रेघ ओढली. पट्टीशिवाय, पण जराही न हलता.

“इथवर तुमचं इंटरनेट,” त्या म्हणाल्या. “पुढे माझं राज्य.”

आत्याबाई म्हणजे नवऱ्याची आत्या. नवव्या वर्षी तापात कान गेले. बोलता येत होतंच, ते राहिलं, पण स्वतःचा आवाज स्वतःलाच ऐकू येत नसल्यामुळे तो कधी फार मोठा, कधी अगदी बारीक आणि नेहमी सपाट यायचा. लोक हसायचे म्हणून बाहेरच्यांसमोर त्यांनी बोलणंच टाकलं होतं. लग्न झालं नाही. भावाची बायको लवकर गेली, तेव्हा भाच्याला त्यांनीच वाढवलं. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं शिवणयंत्र होतं. पँटची उंची कमी कर, चेन बदल, कुणाचा पोट सुटल्यामुळे घट्ट झालेला शर्ट सैल कर, अशी कामं त्या करायच्या. गिऱ्हाइकांच्या ओठांवरून त्यांना सगळं कळायचं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला कोण काय पुटपुटतंय, तेसुद्धा.

तिला हे माहीत असायला हवं होतं. पण पंधरा दिवसांपूर्वी, बाळंतपणाची रजा संपत आली असताना, ती नवऱ्याशी जेवणाच्या टेबलापाशी भांडली होती.

“अरे, त्यांना ऐकू येत नाही! बाळ रडलं तर? घशात काही अडकलं तर?”

“मी तिच्याच हाताखाली वाढलोय. मेलो का?”

“तुझं नशीब! मी पाळणाघरात नाव घालून ठेवलंय.”

आत्याबाई तेव्हा पाठमोऱ्या बसून सुईत दोरा ओवत होत्या. समोर भिंतीवर, गिऱ्हाइकांसाठी लावलेला उभा आरसा होता.

दुसऱ्या दिवशी नवरा दौऱ्यावर गेला आणि आत्याबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. “आठ दिवस बघ,” त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक, की तिलाच पुढे वाकावं लागलं. “नाही जमलं तर घाल पाळणाघरात. मी वाईट वाटून घेणार नाही.” मग थोडं थांबून, “म्हणजे, घेईन. पण सांगणार नाही.”

 तेव्हापासून तिचं डोकं चालायला लागलं. आत्याबाईंना फोन ऐकू येत नाही. मोबाईल घ्यावा, तर त्याला घरात रेंज नाही. कॉम्प्युटरवर लिहून बोलता आलं असतं, पण तो आतल्या खोलीत भिंतीला तोंड करून होता, आणि आत्याबाईंचे डोळे हेच त्यांचे कान. बाळाकडे पाठ करून त्या एक मिनिटही बसल्या नसत्या. हातात धरता येईल, एका नजरेत तो आणि एका नजरेत बाळ ठेवता येईल, असं काहीतरी हवं होतं. मग खणातला ऑर्गनायझर आठवला. त्यात ब्लूटूथ होतं. कॉम्प्युटरला बोटाच्या पेराएवढं एक यंत्र खोचून तो जोडता येत होता, आणि कॉम्प्युटरला इंटरनेट होतंच.

ऐकायला सोपं होतं. प्रत्यक्षात सबंध शनिवार-रविवार त्यात गेला. दोन्हीकडे एकच आकडा टाकला तशी दोन्ही यंत्रांनी एकमेकांना ओळखलं, पण त्यापुढे घुम्यासारखी बसून राहिली. बाळ मांडीवर, माहितीपत्रक दातांत, अशी ती खटपट करत होती. एकदा जोडलं, ते तुटलं. पुन्हा जोडलं, तर कॉम्प्युटरचंच इंटरनेट गेलं.

“भेटायला आणलंय, पण बोलेनात वाटतं दोघं,” आत्याबाईंनी दारातून शेरा मारला.

शेवटी कुठल्याशा आतल्या पानावर, या कॉम्प्युटरचं इंटरनेट दुसऱ्या यंत्राला वापरू द्यायचं का, असा एक चौकोन रिकामा राहिलेला तिला दिसला. तिथे खूण केली आणि ऑर्गनायझरच्या पडद्यावर हिरवा ठिपका उमटला. मग आत्याबाई घरभर तो घेऊन हिंडल्या आणि खडूने हद्दी आखल्या. बाहेरची खोली पूर्ण मिळाली. स्वयंपाकघर नाही. गॅलरी तर नाहीच.

“हद्दीबाहेर जाताना आधी लिहायचं,” तिने बजावलं. “कबूल?”

“कबूल. कान गेलेत माझे, डोकं जागेवर आहे.”

सोमवारी ती कामावर रुजू झाली. विम्याच्या कचेरीत तिच्याकडे दाव्यांचे कागद तपासायचं काम होतं. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात तिने एक छोटी खिडकी उघडून ठेवली. तिथे आत्याबाईंचं नाव हिरवं दिसायचं. आत्याबाई ऑर्गनायझरच्या काडीने एकेक अक्षर टिपत लिहायच्या आणि प्रत्येक ओळीखाली तार केल्यासारखी सही करायच्या.

“झोपला. आत्या.”

“उठला. आत्या.”

“शी केली. छान. आत्या.”

ती दर थोड्या वेळाने विचारायची, बाळ काय करतंय? दूध किती प्यायलं? पालथं तर नाही ना झोपलं? मंगळवारी दुपारपर्यंत आत्याबाईंनी इमानेइतबारे उत्तरं दिली. मग लिहिलं, “सकाळचंच बाळ आहे. बदललेलं नाही. आत्या.”

शेजारच्या टेबलावरच्या बाई मोठ्याने हसल्या. त्यांनी तीन मुलं वाढवून मोकळी केली होती. “अगं, मुलाला तरी कधी श्वास घेऊ देशील की नाही?”

“तुम्हाला नाही कळायचं. आत्याबाईंना ऐकू येत नाही.”

“माझ्या सासूला चांगलं दोन्ही कानांनी ऐकू यायचं. पोरगं खाटेवरून पडलं तेव्हा ती रेडिओ ऐकत होती.”

दिवसातून दोनदा, सकाळी आणि दुपारी, “आम्ही गॅलरीत जातो. आत्या.” असं यायचं. नाव राखाडी व्हायचं. ते पुन्हा हिरवं होईपर्यंत तिच्या हातातला कागद हातातच राहायचा.

गुरुवारी सकाळी तिने मान वर केली, तर नाव राखाडी होतं. वर काही लिहिलेलं नव्हतं. शेवटची ओळ होती, “अंघोळ घालते आता. आत्या.”

असेल, तिने स्वतःला सांगितलं. स्वयंपाकघरात गेल्या असतील, घाईत राहिलं असेल लिहायचं. एक कागद तपासला, तो काय होता ते तिला कळलं नाही. नाव राखाडीच. तिने लिहिलं, “आत्याबाई?” मग, “बाळ?” मग नुसतंच प्रश्नचिन्ह. अंघोळ. पाणी. साबणाचे हात. तिने घरचा फोन लावला. लावताना आपण काय करतोय हे तिला कळत होतं, तरी लावला. घंटी वाजत राहिली. घरात ती ऐकू शकणारं एकच माणूस होतं, आणि त्याला अजून नीट बसताही येत नव्हतं. खालच्या मजल्यावरचे दोघंही नोकरीला. नवरा दौऱ्यावर.

“जा,” शेजारच्या बाई म्हणाल्या. त्या आता हसत नव्हत्या. “साहेबांना मी सांगते. जा तू.”

बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली, पण ती उभीच राहिली. उभं राहिलं की बस लवकर पोचेल असं काहीतरी तिच्या मनाने घेतलं होतं. मी पाळणाघरात नाव घातलं होतं, ती मनाशी घोकत होती. मी सांगितलं होतं. मग दुसरंच मन म्हणायचं, आणि हे सगळं जोडून कुणी दिलं? तूच ना?

थांब्यावर उतरून ती पळत सुटली. गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाला टपरीच्या बाहेर स्टूल टाकून बसला होता आणि पुठ्ठ्याने वारा घेत होता. आतली इस्त्री उभी करून ठेवलेली.

“ताई, आज लवकर? तुमच्याकडेपण वीज गेली काय?”

ती थबकली. “वीज?”

“सकाळपासून नाही. सगळी गल्ली बंद. धंद्याची वाट लागली बघा.”

वीज नाही. म्हणजे आतल्या खोलीतला कॉम्प्युटर बंद. म्हणजे त्याला खोचलेलं ते पेराएवढं यंत्र बंद. आत्याबाईंच्या हातातला ऑर्गनायझर त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर जिवंत असणार, आणि त्या काडीने एकेक अक्षर टिपत असणार, पण ते पुढे न्यायला मधे कुणी नव्हतं. दोन दिवस खपून तिने स्वतः जोडलं होतं हे. कचेरीत दिवे चालू होते, म्हणून तिला सुचलं नाही.  तिने टपरीची फळी धरली.

तेवढ्यात तिला आवाज ऐकू आला. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून येत होता. मोठा, सपाट, मधेच भलत्याच ठिकाणी उंच चढणारा.

“खांदा गं खांदा, बाही गं बाही… गळा गोऽल, काज छोऽटं…”

आत्याबाई गात होत्या. त्यांना गाताना तिने कधी ऐकलं नव्हतं. घरात भाजी कुठली करू, एवढं विचारायलासुद्धा त्या आधी इकडेतिकडे पाहून घ्यायच्या.

“रोज असतं हे,” इस्त्रीवाला म्हणाला. “सोमवारपासून. पहिल्या दिवशी कुत्री भुंकली. आता त्यांनापण सवय झाली.”

ती दोन पावलं पुढे सरकली आणि मान वर करून पाहू लागली. आत्याबाई उभ्या होत्या. बाळाची अंघोळ झालेली, केस चापून बसवलेले, अंगात त्यांनीच शिवलेलं झबलं. त्याला छातीशी घट्ट धरून त्यांनी हनुवटी त्याच्या टाळूवर टेकवली होती. बाळाचा एक पंजा त्यांच्या गळ्यावर चिकटलेला. आवाज चढला की पंजाखाली काहीतरी थरथरायचं आणि ते खदखदून हसायचं. ते हसलं की आत्याबाईंची हनुवटी हलायची आणि त्यांचाही चेहरा फुलायचा. ऐकू येत नव्हतं, पण हसलेलं एकही त्यांच्याकडून सुटत नव्हतं. ऑर्गनायझर त्यांच्या खिशातून अर्धा बाहेर डोकावत होता.

तिला धावत वर जावंसं वाटलं. बाळाला घ्यावं, नाकाने त्याचं डोकं हुंगावं. पण जिन्यापाशी पोचली आणि तिचं पाऊल अडलं. दार उघडताना आत्याबाई तिच्याकडे पाहतील. घामाने निथळणारी, धापा टाकणारी ती, कामाच्या भर वेळात. त्यांना एक शब्दही वाचावा लागणार नाही. आठ दिवस बघ, त्या म्हणाल्या होत्या. चौथ्या दिवशी ही दारात. आणि त्या वाईट वाटून घेतील, आणि सांगणार नाहीत.

ती मागे फिरली. भिंतीच्या कडेकडेने, सावलीतून, चोरासारखी. पण ज्या बाईला आरशातून ओठ वाचता येतात, तिला खालून जाणारी सून दिसणार नाही असं थोडंच होतं?

गाणं थांबलं.

“काय गं?” वरून आवाज आला, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. “ऑफिस सुटलं?”

तिने वर पाहिलं. चेहरा जमेल तेवढा साधा केला. “नाही! विसरले!” ती ओठ मोठे करून म्हणाली.

“काय विसरलीस?”

डबा? तो खांद्यावरच्या पिशवीतून बाहेर आलेला होता. चष्मा नाकावर होता. किल्ली, पाकीट, सगळं जागच्या जागी. तिला घराच्या दारामागची खुंटी आठवली आणि खुंटीवर टांगलेलं जे पहिलं डोळ्यांसमोर आलं ते तोंडातून निघून गेलं.

“रेनकोट!”

आत्याबाईंनी आभाळाकडे पाहिलं. आभाळ पांढरंफटक होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ढगाचा ठिपकाही नव्हता. पत्र्यांवरून ऊन डोळ्यांत येत होतं. त्यांनी ते सावकाश, नीट पाहून घेतलं. मग खाली तिच्याकडे पाहिलं, तेही तितकंच नीट.

“थांब,” त्या म्हणाल्या.

बाळाला कडेवर घेऊन त्या आत गेल्या आणि परत आल्या. रेनकोट घडीवरून घडी घालून खाली सोडला. तिने तो झेलला. रबराचा आणि धुळीचा वास आला. इस्त्रीवाल्याचा पुठ्ठा हलायचा थांबला होता.

“जाते मी,” ती म्हणाली. “वीज नाहीये, म्हणून… म्हणजे, इंटरनेट नसेल आज.”

“नसू दे,” आत्याबाई म्हणाल्या. “आम्ही आहोत.”

ती वळली. रेनकोट हातावर टाकून चालू लागणार, तोच मागून पुन्हा आवाज आला. सपाटच होता तो. त्यात राग होता की हसू, ते कुणालाच सांगता आलं नसतं.

“हातात काय धरतेस? घाल की. भिजशील.”

वर दोघं उभी होती, आत्याबाई आणि त्यांच्या कडेवर तोंडात मूठ घातलेलं बाळ. दोघंही तिच्याकडे टक लावून पाहत होती. तिने बाह्यांतून हात घातले. रबर दंडांना चिकटलं. मग ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, रेनकोटची बटणं खालपासून एकेक करत गळ्यापर्यंत लावली, आणि त्या रखरखत्या उन्हात, कुणाकडेही न पाहता, बसथांब्याकडे चालू लागली.