काका, रांगेला घाई नाही!

श्रीहरीकाकांच्या उजव्या पायातली चप्पल अन्नपूर्णा मंदिराच्या रस्त्यावर सुटली आणि घरी येईपर्यंत त्यांना कळलंच नाही! एका पायात चप्पल, दुसरा उघडा, हातात जिलबीची पुडी, चेहरा एकदम राजा माणूस. मी हसून हसून सोफ्यावरून पडले. पडल्यामुळेच, त्यांनी पाय उचलल्यावर, तळवा दिसला. अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम.

"दुखत नाही?"

"कुठे काय!"

काकांना शुगर आहे. आणि काका चार वर्षं जेलमध्ये होते, सुटून तीनच आठवडे झालेत. घरात हे दोन्ही हळू आवाजात बोलतात. मी नाही. गेल्या महिन्यात असेंब्लीत सगळ्या शाळेसमोर माईकवर बोलले, तेव्हापासून माझा आवाज हळू होतच नाही, काय करू?

आई म्हणाली, "भाऊजी, पाय आजच दाखवा. शुगरवाल्यांचे पाय कापावे लागतात."

"नको वहिनी. दवाखान्यात विचारतील, इतके दिवस कुठे दाखवत होता. काय सांगू?"

मग मीच शोधून काढलं. जेलमधून सुटलेल्यांसाठी व्हिडिओवर डॉक्टर! शनिवारी साडेचारची वेळ मिळाली. मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला (मुद्दाम नाही, शपथ!) आणि काकांना समोर बसवलं.

स्क्रीनवर डॉक्टर नीरजा आल्या आणि काका ताडकन उभे राहिले. डॉक्टरांना दिसलं काय? शर्टाची दोन बटणं आणि पोट.

"बंदी नंबर चार सौ बारह, श्रीहरी वल्द विष्णू, ठीक हूँ साहब!" पोट बोललं, उजवीकडे वळलं आणि सरळ स्वयंपाकघरात निघून गेलं.

डॉक्टर गोंधळल्या. "पेशंट कहाँ गए?"

"एक मिनिट मॅडम, फरार झाले!" मी ओरडले. आईने कपाळावर हात मारला.

काका माठाजवळ पाणी पीत होते. काम झाल्यासारखे.

"काका, ये क्या था?"

"अगं, तिथे असंच असतं. व्हिडिओवर डॉक्टर अर्धा तास, मागे चाळीस जणांची रांग. नाव, नंबर, ठीक हूँ, पुढे सरक. गोळ्या नंतर प्रहरी, म्हणजे तिथला शिपाई, आणून देतो."

"आणि पाय?"

"एकदा सांगायला गेलो होतो. मागचा म्हणाला, अबे भिया, नाचने जाना है क्या? सगळी रांग हसली." काकाही हसले. मला अर्धा सेकंद हसूच आलं नाही.

मग डोक्यात बत्ती पेटली. मी काकांना धरून आणलं, खुर्चीत बसवलं, त्यांच्या मागे उभी राहिले आणि आईला माझ्या मागे ओढलं.

"रुची, काय चाललंय?"

"आई, तू रांग आहेस. काका, मागे बघा. रांग एवढीच. आणि रांगेला अजिबात घाई नाही, काय आई?"

आईने पदर खोचला. "बोला भाऊजी. कुकर पण लावलेला नाही."

डॉक्टर खळखळून हसल्या. "श्रीहरीजी, मराठीत बोला, मी सांगलीची. तिथे कोणत्या गोळ्या चालू होत्या?"

तिथे! एवढंच म्हणाल्या, जसं कोणी जवळच्या सांवेर गावाला राहून आलंय. काकांनी गोळ्यांची नावं सांगितली. मग मागे बघितलं. रांग शांत होती. मग त्यांनी हळूच पाय उचलून फोनसमोर धरला.

"बधिर कधीपासून आहे?"

"सात-आठ महिने. कोणाला सांगितलं नव्हतं."

"आता सांगितलंत ना. वेळेत सांगितलंत, पाय राहील. पण हा फोनवर बघून भागणार नाही. सोमवारी तुकोगंजला माझ्या क्लिनिकमध्ये या. तोवर अनवाणी चालायचं नाही. आणि टेबलावरची जिलबीची पुडी मला दिसतेय."

आम्ही फोन बंद करणार, तर काका म्हणाले, "साहब, अजून एक सांगू?" मग गुडघा आला. मग दाढ. मग झोप, की पहाटे जेलमधल्या गिनतीच्या (हजेरीच्या) वेळेला अजून जाग येते आणि ते पलंगाशेजारी उभे राहतात. डॉक्टर सगळं लिहून घेत होत्या. रांगेचे पाय दुखायला लागले. रांग शेवटी खालीच बसली.

सोमवारी सकाळी काका दोन्ही पायांत बूट घालून दारात उभे. मी शाळेच्या ड्रेसमध्ये, आईच्या हातात पर्स.

काकांनी मागे वळून बघितलं. "रांग तयार?"

"तयार, भिया!" आई म्हणाली. एरवी 'भाऊजी' म्हणणारी माझी आई!