पिवळ्या घसरगाडीला आलेले पत्र

मी एक जुनी घसरगाडी आहे, आणि मला आयुष्यात एकच पत्र आले. त्याचे उत्तर मात्र बरीच वर्षे गेले नाही.

मित्रांनो, घसरगाडीला कुणी पत्र लिहिते का, असे तुम्ही म्हणाल. मलाही तसेच वाटले होते. काहीतरी घोटाळा झाला असेल, पत्र दुसऱ्या कुणाचे तरी असेल, असे मी स्वतःला बजावले. पण पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिले होते, 'पिवळी घसरगाडी, माथ्यावरची खोली, बार्लो टेकडी, व्हरमाँट'. टेकडीवर पिवळी घसरगाडी एकच होती. ती मी. गोष्ट सांगण्याचा मला सराव नाही. तेव्हा कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

गावातल्या एका म्हाताऱ्या सुताराने मला बनवले. त्याचा मूळ धंदा तळ्यावरच्या होड्या करण्याचा. त्याने अॅश झाडाच्या फळ्या वाफेवर मऊ केल्या, पुढून होडीसारख्या वर वळवल्या आणि सवयीने, पाणी शिरू नये म्हणून, माझे सगळे सांधे राळ भरून बंद केले. लोक त्याला हसले. "अहो, ही बर्फावर चालणार! हिला राळ कशाला?" तो हात पुसत म्हणाला, "बर्फ म्हणजे तरी काय, झोपलेलं पाणीच की!" शाळेच्या बसला देऊन उरलेला पिवळा रंग मला मिळाला. त्या दिवशी मी फार ऐटीत होते.

मी बचावपथकाची गाडी. मला पुढून दोन लांब दांडे आहेत. त्या दांड्यांमध्ये उभा राहून स्की घातलेला माणूस मला उतारावरून खाली नेतो. खाली एक साखळी आहे. ती सोडली की ती बर्फात रुतते आणि माझा वेग कमी होतो. माथ्यावरच्या खोलीच्या भिंतीला टेकून मी उभी असायची. उतारावर कुणी जायबंदी झाले, की जवळपासचे लोक दोन स्की फुलीसारख्या बर्फात रोवायचे आणि खोलीतला टेलिफोन वाजायचा.

टेलिफोन वाजला, की ऑरिन थिबोडो पुस्तक पालथे ठेवून बाहेर यायचा. ऑरिन उंच आणि लाजरा. चार माणसांसमोर बोलायचे म्हटले की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. पण शेगडीजवळ एकटा असला, की तो मोठ्याने वाचत असे. ऐकायला भिंतीपलीकडे मी. मला जे काही चार शब्द येतात, ते असे आलेले आहेत.

ऑरिनचा एक नियम होता. माथ्यावरून गाडी उगाच खाली न्यायची नाही. ती खाली असताना वर कुणी पडले तर? नियम बरोबरच होता. पण त्यामुळे मी दरवेळी कुणाला तरी दुखत असतानाच उतरले, आणि माणसांना वर नेणाऱ्या खुर्च्यांच्या दोराला टांगून वर गेले ती रिकामी. खालच्या अंगणात मी शिरले की हसणे थांबायचे. आया मुलांना जवळ ओढायच्या. माणसे टोप्या काढून वाट द्यायची. माझ्यात काहीतरी अशुभ असावे, असे मला वाटू लागले. ऑरिन माझ्यावरचे हिम झाडत म्हणायचा, "उभी आहेस ना नुसती? मग आजचा दिवस चांगला." त्याचे म्हणणे मला पटायचे. तरीपण.

वसंतातल्या सुट्टीत हे जास्त जाणवे. चिखलाचे रस्ते तुडवत कुटुंबेच्या कुटुंबे टेकडीवर यायची. सकाळी काचेसारखा कडक असलेला बर्फ ऊन चढले की जाड्या साखरेसारखा मोकळा होई. मग आजीपासून नातवंडांपर्यंत सगळे बाह्या सारून स्की करायचे आणि संध्याकाळी लाल नाके एकमेकांना दाखवायचे. अंगणात मुले बर्फात लपवलेली रंगीत अंडी शोधायची. मेपलचा उकळता पाक स्वच्छ बर्फावर ओतला जाई. तो दातांना चिकटायचा, मग खारवलेल्या आंबट काकडीचा तुकडा चावायचा, की पुन्हा गोड खायला तोंड तयार. आणि सुट्टीच्या शेवटच्या रविवारी उताराच्या पायथ्याशी खड्डा खणून त्यात वितळलेले पाणी साठवायचे. लोक सोंगे घेऊन भरधाव यायचे आणि त्या पाण्यावरून स्कीवर घसरत पलीकडे जायला बघायचे. बहुतेक जण मधेच बुडायचे. हे सगळे मी वरून ऐकत असे. हसण्याचा आवाज डोंगर चढून यायचा, पाकाचा वासही यायचा. मी जागेवर उभी.

अशाच एका वसंतात मार्नी नावाची आठ वर्षांची मुलगी माझ्यात झोपली. तिची नडगी मोडली होती. ती मोठमोठ्याने रडत होती. पण मोठ्या वळणावर वारा तोंडावर आला आणि ती एकदम गप्प झाली.

"काका," ती म्हणाली, "जरा जोरात न्या ना!"

"अगं, पाय दुखत नाही का तुझा?"

"दुखतोय. पण तरी जोरात!"

ऑरिनने साखळी सोडलेलीच ठेवली. जोरात नेणे त्याच्या स्वभावात नव्हते. पण दांड्यांमधून मला त्याचे हसणे जाणवले.

महिन्याभराने पत्र आले. ऑरिनने ते मला वाचून दाखवले. 'प्रिय पिवळ्या गाडी, माझा पाय बरा होतो आहे. प्लास्टरवर सगळ्यांनी सह्या केल्या. मी तुझ्यासाठी जागा ठेवली होती, पण तुला हात नाहीत हे नंतर लक्षात आलं. मला एक विचारायचं आहे. तू कधी नुसती मजेसाठी खाली येतेस का? उत्तर नक्की पाठव. तुझी मार्नी.'

ऑरिन लगेच कागद घेऊन बसला. पेन त्याच्या हातात, आणि हात तसाच. 'हो' लिहावे तर ते खोटे. 'नाही' लिहावे तर पोरगी हिरमुसणार. संध्याकाळी त्याने पत्र खोलीतल्या खिळ्याला अडकवून ठेवले. दर वसंतात तो ते काढायचा, वाचायचा, आणि पुन्हा खिळ्याला.

खुर्च्यांचा दोर चालवणारा गस फाटक्या तोंडाचा. तो दारातून डोकावून विचारायचा, "काय रे ऑरिन, गाडीचा पत्रव्यवहार कुठवर आला?"

"विचार चाललाय."

"चालू दे, चालू दे. पोरगी आजी व्हायच्या आत उरक म्हणजे झालं!"

असे करता करता ऑरिन म्हातारा झाला. माझाही रंग उडाला. मग एका थंडीत नवी नारिंगी गाडी आली. हलकी, चकचकीत, माझ्याहून सगळ्याच बाबतीत चांगली. मला खोलीत आत, कोळशाच्या फावड्यांशेजारी ठेवण्यात आले. तिच्याविषयी माझ्या मनात काही नाही. खरे सांगायचे तर थोडे होते.

परवाच्या सुट्टीत गस हातात भोके पाडण्याचे यंत्र घेऊन माझ्याकडे बघत उभा राहिला. "सोमवारी हिच्या बुडाला भोकं पाडतो," तो म्हणाला. "खाली अंगणात ठेवू, माती भरू, फुलं लावू. पाणी निथळायला भोकं हवीतच."

फुले वाईट नसतात, मित्रांनो. पण मार्नीच्या प्रश्नाचे उत्तर मग कायमचे 'नाही' होणार होते. ऑरिनच्या हे लक्षात आले असावे. तो खिळ्याजवळ जाऊन उभा राहिला.

त्याच्याबरोबर त्याची नात ओडील आली होती. वय नऊ. तिने पत्र काढून वाचले.

"पेपेर!" ती म्हणाली; आजोबांना ती असेच म्हणते. "तू हिला उत्तरच दिलं नाहीस?"

"काय देणार? खोटं कसं लिहायचं?"

"मग खरं कर ना आधी. उद्या सुट्टीचा शेवटचा रविवार आहे."

"पाण्यावर? या वयात?" ऑरिनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "लोक बघतील गं."

"लोक बघायलाच येतात!"

ऑरिनची बायको क्लोडेट डोनटचा डबा घेऊन आली होती. ती दारातूनच म्हणाली, "जन्मभर लोकांची हाडं सांभाळलीस. एक दिवस तुझी चड्डी भिजली तर डोंगर खचणार नाही."

"आणि पत्ता? तो आता जुना झाला असेल. एवढ्या वर्षांनी उत्तर पाठवणं म्हणजे—"

"ते पोस्टवाले बघतील. तू आधी भीज."

रविवारी नारिंगी गाडी माथ्यावर जागेवर आहे ना, हे ऑरिनने दोनदा पाहिले. मग तो माझ्या दांड्यांमध्ये उभा राहिला. ओडील माझ्यात आडवी झाली. वारा लागू नये म्हणून त्याने सवयीने तिच्यावर पांघरूण घातले, पट्टेही बांधू लागला. तिने पट्टे झिडकारले, पांघरूण राहू दिले. आम्ही निघालो, आणि पहिल्याच उतारावर ऑरिनने साखळी सोडली. जन्माची सवय. आम्ही हळू, नीट, अगदी नियमाप्रमाणे शेवटच्या उताराच्या माथ्यावर आलो.

खाली सगळे गाव होते. झिंग्याच्या सोंगातला नळवाला आत्ताच पाणी पार करून पलीकडे नाचत होता. वाजंत्री चालू होती. कुणीतरी वर बघितले. जुनी पिवळी गाडी, दांड्यांत ऑरिन, आत पांघरुणाखाली कुणीतरी.

वाजंत्री थांबली. झिंग्याने आपले मिशीवाले डोके काढून छातीशी धरले. माणसे दोन्ही बाजूंना सरकली. आया मुलांना जवळ ओढू लागल्या. मला वाटले, संपले. आनंदासाठी निघाले, तरी मी येते ती अशीच.

तेवढ्यात पांघरूण उडाले. डोक्यावर पोहायची लाल टोपी घातलेली ओडील ताठ उठून बसली आणि बोंबलली, "कुणालाही काही झालेलं नाही! आम्ही मजेसाठी येतोय!"

आधी क्लोडेट हसली. मग गस. मग सगळे अंगण एकदम हसत सुटले. मी आयुष्यात इतके जवळून हसणे ऐकले नव्हते, आणि ते माझ्यामुळे होते.

"पेपेर, साखळी!" ओडील म्हणाली.

ऑरिनने मागे वळून पाहिले. त्याने वाकून साखळी वर ओढली आणि आकड्याला अडकवली. याआधी भर उतारावर ती कधी वर गेल्याचे मला आठवत नाही.

मित्रांनो, वेग म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले. जाड्या साखरेसारखा बर्फ दोन्ही बाजूंना उडत होता. ओडील किंचाळत होती, आणि ऑरिनही किंचाळत होता. तो लाजरा माणूस! पाणी आले. त्याच्या स्की थोडे अंतर पाण्यावरून धावल्या, मग टोके खाली गेली आणि तो कमरेपर्यंत बुडाला. मी बुडणार असे मी गृहीतच धरले होते. पण सुताराची राळ अजून शाबूत होती. मी तरंगले. त्याने दांडे सोडले नाहीत. उलट मीच त्याला ओढत पुढे गेले आणि ओडीलला पलीकडच्या काठावर कोरडी ठेवून थांबले.

"अरे, गाडीने बचाववाल्याला वाचवला!" गस ओरडला. पाणी उडून तोही ओला झाला होता. क्लोडेटने टॉवेल पुढे केला. "किती वर्षं सांगत होते, आंघोळ कर म्हणून," ती म्हणाली. ऑरिन हसत हसत काठावर बसला आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल नव्हत्या. निळ्या होत्या, पण ते थंडीने. सोमवारसाठी अंगणात आणलेली भोके पाडायच्या यंत्राची पेटी गसने उचलून परत खोलीत नेऊन ठेवली. "फुलांसाठी गळकी बादली बघतो कुठेतरी," तो पुटपुटला.

ऑरिनचे मोजे शेगडीवर वाळत होते, तेव्हाच त्याने पत्र लिहिले. पेन या वेळी थांबले नाही. 'प्रिय मार्नी, उशीर झाला. उत्तर हो असे आहे. एकदा. आज. जोरात, तू सांगितले होतेस तसे. साखळी वर होती. तुझी पिवळी घसरगाडी.' खाली सहीसाठी जागा होती. ओडीलने माझ्या कडेचा सुटलेला रंगाचा एक पोपडा अलगद काढला आणि तिथे चिकटवला. माझी सही पिवळी आहे, हे मला तोवर माहीत नव्हते.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी वस्तू असेल, जी फक्त अडचणीच्या वेळी बाहेर काढली जाते. तिला कोरडी ठेवा, तिचे सांधे बघत जा. आणि एखाद्या चांगल्या दिवशी, काही कारण नसताना, तिलाही बाहेर न्या. काही अडत नसताना कुणी आपल्याला बोलावले, याचे सुख काय असते, ते मी आता सांगू शकते.

सोमवारी गावाचा रस्ता चिखलाने भरलेला होता. मोटारी जागोजागी रुतल्या होत्या. ओडीलने मला दोर बांधला आणि पत्र माझ्यात ठेवले. चिखलावरून मी बर्फासारखीच सरकते, हे नवीनच कळले. ऑरिन मागून चालत होता आणि रुतलेल्या मोटारीतल्या लोकांना आपण होऊन नमस्कार करत होता. पोस्टाच्या पेटीपाशी ओडील माझ्या कडेवर चढून उभी राहिली. तिचा हात तेवढ्याने पेटीच्या फटीपर्यंत पोचला. पत्र आत पडल्याचा आवाज मी ऐकला.